दाऊदजींनी अडवलेली चिठ्ठी

दिवाळी अंकात पाळकानं लिहावं, हे ऐकून आमच्या घरात आधी हशाच पिकला. बायको म्हणाली, "तुम्ही लिहिणार म्हणजे उपदेश होणार. लोक फराळ करता करता अंक वाचतात, एखाद्याच्या घशात चकली अडकायची." पण संपादक भलतेच चिकट. प्रताप नगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात आणि सकाळी दुधाच्या रांगेत मला गाठतात. म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही चर्चमध्ये नेमकं काय काम करत होता, तेवढंच लिहा. आमच्या वाचकांना त्यातलं काही ठाऊक नाही."

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाळक रविवारी तासभर बोलतो आणि उरलेले सहा दिवस झोपा काढतो. माझ्या सासऱ्यांचंही शेवटपर्यंत हेच मत होतं. खरं सांगायचं तर बोलणं हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. अवघड असतं ते ऐकणं. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. एकोणीसशे सत्तर सालाच्या थोडं आधी नागपुरात आलो, तेव्हा पहिले सहा महिने तर लोक काय म्हणतात तेच कळत नसे. दारात येऊन एखादी बाई म्हणायची, "मले तुमच्यासंग बोलाचं हाये, पण तुम्ही जेवून राहिले का?" आणि मी नुसता बघत राहायचो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांना नोकरीसाठी पाळकाचा दाखला हवा होता, 'हा इसम नियमित उपासनेला येतो' असा. अकरा वर्षांत त्यांचं तोंड चर्चनं पाहिलं नव्हतं. मी लिहिलं, 'हे गृहस्थ नाताळला नियमित येतात.' नोकरी लागली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरानवरीची नावं पुकारतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. एकदा तिसऱ्या रविवारी नवरीचे काका उभे राहिले. काकांची हरकत एवढीच होती की नवऱ्या मुलानं त्यांची सायकल नेली होती आणि अजून परत केली नव्हती. सायकल त्याच दुपारी आली, चेनच्या जागी नवी चेन घालून. सायमनबाबा म्हणून एक म्हातारे होते. बायकोच्या शेजारची थडग्याची जागा त्यांनी आधीच मागून ठेवली होती. मग एक दिवस येऊन म्हणाले, "साहेब, जरा लांबची पाहा न. चाळीस वर्षं ऐकून घेतलं, आता तं पडू द्या शांत." वारले तेव्हा मात्र आम्ही त्यांना बायकोच्याच शेजारी ठेवलं, कारण मरायच्या आठवडाभर आधी ते पुन्हा आले होते.

असे किस्से शंभर आहेत आणि ते सांगताना मला मजाही येते. पण लिहायला बसलो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. ती मी पूर्वी फार वेळा सांगितली आहे आणि दर वेळी अर्धीच.

आधी आमची एक रीत सांगायला हवी. नागपुरातल्या 'सदर' नावाच्या वस्तीतली आमची मंडळी लहान, दोनशे-सव्वादोनशे माणसांची. मंडळी म्हणजे एका चर्चमधले सगळे लोक. तिचा कारभार पाळक एकटा पाहत नाही. मंडळीनं निवडलेले पाच-सहा जण असतात, त्यांना आम्ही 'वडील' म्हणतो, वय काहीही असो. दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असतं. सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. आमच्याकडे स्कॉटलंडहून आलेल्या जुन्या मिशनऱ्यांनी एक पद्धत घालून दिली होती. भोजनाच्या आधीच्या आठवड्यात वडील आपापल्या भागातल्या घरोघरी जात आणि प्रत्येकाच्या नावाची एक छोटी चिठ्ठी हातात देत. चिठ्ठी देण्याआधी विचारपूस करत. कोणाशी अबोला आहे का, कोणाचं मन दुखवलंय का. असेल तर आधी ते मिटवा, मग चिठ्ठी. रविवारी दारात ती चिठ्ठी द्यायची आणि आत मेजाशी बसायचं. चिठ्ठी मागायला कोणी कोणाच्या दारी जायचं नाही. ती घरी आणून द्यायची, हा देणाऱ्याचा धर्म.

या रीतीतून पाळकही सुटत नसे. माझा बंगला ज्यांच्या भागात येई, ते वडील म्हणजे दाऊदजी.

दाऊदजी एका रुग्णालयाच्या धुलाईखात्यात होते. चादरी उकळून उकळून त्यांच्या हातांची कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली झाली होती. शाळा चौथीपर्यंत. मी धर्मशास्त्राची पदवी घेतलेला, थोडीफार ग्रीक येणारा, अठ्ठावीस वर्षांचा पाळक. पहिल्यांदा ते माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आले तेव्हा व्हरांड्यात चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, बसा. म्हणाले, "हे काम झालं की बसतो जी." मग घसा साफ करून विचारलं, "पाळकसाहेब, कोणासंग अबोला हाये का? कोणाचं मन दुखवलं का? दुखवलं असन तं त्याच्या घरी जाऊन आले का?" मला हसू आलं. मी मोठ्या मनानं "नाही, नाही" म्हटलं, चिठ्ठी घेतली आणि मग आम्ही चहा प्यायलो. आपण एका साध्या माणसाचा मान राखला, असंच मला वाटत होतं.

आता मार्थाबाई. त्याच रुग्णालयात आया होत्या. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, सुनंदा. प्रभुभोजनाचा द्राक्षरस गेली वीस वर्षं मार्थाबाई करत. बाजारातली बाटली आम्ही आणत नसू. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी चर्चच्या मागच्या खोलीत शेगडीवर उकळायच्या, मलमलीतून गाळून झाकून ठेवायच्या. हे काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही.

सुनंदा वर्ध्याला नर्सिंगचं शिकत होती. तिथं तिचं एका हिंदू शिक्षकाशी जमलं आणि लग्न मुलाच्या घरच्या पद्धतीनं, मांडव घालून ठरलं. मार्थाबाई मला विचारायला आल्या, मी जाऊ का म्हणून. आज हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी म्हटलं, "मुलीनं तिचा निर्णय घेतला, तो तिचा. पण प्रभूच्या मेजाची सेवा करणाऱ्या बाईनं त्या मांडवात जाऊन बसू नये, हे बरं." त्या "बरं जी" म्हणाल्या आणि गेल्या. पुढे लग्न कधी झालं, कसं झालं, मी विचारलंही नाही.

पावसाळ्यात एक दिवस मनोहर मास्तर माझ्याकडे आले. मास्तर म्हणजे मार्थाबाईंच्या भागाचे वडील, एका शाळेचे मुख्याध्यापक, मंडळीतलं वजनदार माणूस. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "साहेब, कानावर आलं म्हणून सांगतो. माझा मामेभाऊ वर्ध्याला त्या लग्नात होता. मार्थाबाई मांडवात बसल्या होत्या, कपाळाला कुंकू लावून." मी विचारलं, नक्की? म्हणाले, "त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मे महिन्याचा शेवटचा शनिवार."

माझा संताप झाला. मी स्पष्ट सांगितलेलं असताना ही बाई गेली, हा माझा अपमान वाटला. त्याला मी शिस्त हे नाव दिलं. सप्टेंबरच्या भोजनासाठी मार्थाबाईंना चिठ्ठी देऊ नका, असं मी मास्तरांना सांगितलं. रीतीप्रमाणे त्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन विचारायला हवं होतं. त्यांचं घर चर्चपासून सायकलवर दहा मिनिटं. मी गेलो नाही. उलट भोजनाआधीच्या शुक्रवारी तयारीची सभा असते, तिथं पुलपिटावरून, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावरून, म्हणालो, "जे हात प्रभूचं मेज मांडतात, तेच हात दुसऱ्या मांडवातही फिरावेत, हे या मंडळीला शोभत नाही." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मार्थाबाईंनी येऊन रस केला. नेहमीसारखा गाळून, मलमल बांधून ठेवला. रविवारी त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या. त्यांनी केलेला रस मी सगळ्यांना दिला, त्यांना नाही. उपासना संपल्यावर त्यांनी भांडी विसळली, पालथी घातली आणि निघून गेल्या. पुढचे दोन-अडीच महिने त्या दर रविवारी येत, त्याच शेवटच्या बाकावर बसत, काही बोलत नसत. मला वाटलं, बाई निगरगट्ट आहे.

दाऊदजी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी होते. डिसेंबरच्या भोजनाच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, डोळ्यांवर जाड नवा चष्मा लावून ते माझ्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. तेच तीन प्रश्न विचारले. मी सवयीनं म्हटलं, "नाही दाऊदजी, कोणाशी काही नाही."

"अन् मार्थाबाई?"

"त्यांच्याशी माझं भांडण नाही. तो शिस्तीचा प्रश्न आहे."

"हाव, शिस्त तं पाहिजेच. तुम्ही घरी जाऊन तिले पुसलं का?"

"मास्तरांनी चौकशी केली होती."

"मास्तरायनं वर्ध्याच्या भावाले पुसलं. मी तुमचं पुसून राहिलो."

दाऊदजींनी चष्मा सारखा केला. "लगन कोणत्या दिवशी झालं, ठाऊक हाये का?"

"मे महिन्याचा शेवटचा शनिवार."

"अन् जूनचं भोजन?"

"त्याच्या दुसऱ्याच दिवशी. रविवारी."

"मंग त्या शनिवारी रस कोणं उकळला, साहेब?"

नागपूरचा मे काय असतो हे नागपूरकरांना सांगायला नको. त्या शनिवारी भर दुपारी मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो होतो. मार्थाबाई शेगडीपुढे बसल्या होत्या. त्यांनी पळीभर रस माझ्यापुढे धरला, मी चाखला आणि म्हटलं, जरा आंबट लागतोय. त्यांचे डोळे लालभडक होते. मी विचारलं, काय झालं? "धूर लागला जी," त्या म्हणाल्या. आणि मी, माणसांची मनं जाणण्याचा ज्याला पगार मिळतो असा मी, "खिडकी उघडा" म्हणून निघून आलो. वर्ध्याला त्यांच्या एकुलत्या एका मुलीवर त्याच वेळी अक्षता पडत होत्या. मांडवात बसली होती ती, हे मला मागाहून कळलं, मार्थाबाईंची थोरली बहीण, तोंडावळा तोच. मार्थाबाई कुठे होत्या याचा साक्षीदार या सगळ्या जगात एकटा मी होतो आणि मीच त्यांना दोषी ठरवलं होतं.

दाऊदजींनी माझी चिठ्ठी खिशातून काढली, पाहिली आणि परत खिशात ठेवली. "हे मी देऊ नाही शकत, साहेब."

"दाऊदजी, मी पाळक आहे. मला चिठ्ठी नसेल तर रविवारी भोजन देणार कोण?"

"ते मले नाही ठाऊक. एक डाव भोजन नाही झालं तं मंडळी मरत नाही."

"मी वडिलांची सभा बोलावीन."

"बलावा न. मी येतो." मग चपला घालता घालता म्हणाले, "तेवीस वर्षं चिठ्ठ्या वाटून राहिलो. आजवर कोणाची अडवली नाही. पयली तुमचीच. मलेही काही बरं वाटून नाही राहिलं, साहेब." त्या दिवशी ते चहा न घेता गेले.

तीन दिवस मी धुमसत होतो. चौथी शिकलेला धोबी मला शिकवतो, हे वाक्य माझ्या मनात आलं, हे मी आज लपवत नाही. बायको बुधवारी जेवताना एवढंच म्हणाली, "मे महिन्यात त्या शनिवारी घरी येऊन तुम्हीच सांगितलं होतं मला, मार्थाबाईंचे डोळे फार सुजले होते म्हणून." गुरुवारी सकाळी मी सायकल काढली.

मार्थाबाई तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या, स्टूल पुसून दिलं, परत खाली बसल्या. मी म्हटलं, "मार्थाबाई, माझं चुकलं."

"कायचं चुकलं?"

"सगळंच."

"सगळंच म्हणजे काही नाही होत, साहेब. सांगा न, काय काय चुकलं ते."

मी सांगू लागलो. तुम्हाला न विचारता चिठ्ठी अडवली. "आणखी?" सर्वांसमोर टोमणा मारला. "आणखी?" त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"जाऊ नको म्हणून मले कोणं सांगतलं होतं?"

"मी."

"तुम्ही सांगतलं म्हणून नाही गेली. अन् मंग तुम्हीच म्हणाले का गेली. गेली असती तं बरं झालं असतं, पाळकसाहेब. एकच पोरगी होती मले. हळद लागल्यावर ते कशी दिसली असन, मले ठाऊक नाही."

मी पुष्कळ मयती पाहिल्या आहेत, पुष्कळांचं सांत्वन केलं आहे. त्या बाईपुढे मात्र मी रडलो. त्या रडल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "सर्वायपुढं म्हणलं होतं, आता सर्वायपुढंच सांगा. अन् नाव घेऊन सांगा. तवा नाव नाही घेतलं तरी सर्वायले समजलं, आता नाव घ्या."

शुक्रवारी तयारीच्या सभेत मी पुलपिटावर चढलो नाही. बाकांच्या मधल्या वाटेत उभा राहिलो आणि नाव घेऊन सगळं सांगितलं. शनिवार, शेगडी, माझा मनाई हुकूम, माझा संताप. मास्तरांनी मान खाली घातली. माझं बोलणं संपल्यावर दाऊदजी उठले. "मार्थाबाई, पाळकसाहेबायची चिठ्ठी माह्याजवळ हाये. देऊ का?"

त्या बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, "द्या."

मास्तरांनी मार्थाबाईंचीही चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी उद्या वर्ध्याले जाऊन राहिली. पोरगी पोटुशी हाये. तिले पाहतो, मंग घेईन." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरनं त्या गेल्या. रस दुसऱ्या बाईंनी केला.

ही गोष्ट मी इथवरच सांगत आलो. आणि फार चांगली सांगत असे! अमरावतीच्या संमेलनात सांगितली, अचलपूरला सांगितली, छिंदवाड्याला हिंदीतून सांगितली. विषय बहुधा 'पुढाऱ्याची नम्रता' असाच असे. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. चूक कबूल करणारा पाळक म्हणून माझं नाव झालं. प्रांतिक समितीवर निवडून गेलो, मग तिचा अध्यक्ष झालो. दर सांगण्यात मी थोडा अधिक रडवेला होत गेलो आणि मार्थाबाई थोड्या अधिक क्षमाशील होत गेल्या. शेवटी शेवटी तर गोष्टीतल्या मार्थाबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही देऊ लागल्या.

खऱ्या मार्थाबाई वर्ध्याहून परत आल्या नाहीत. नातू झाला, मुलीची नोकरी, बाळाला कोण पाहणार? राहिल्या तिकडेच. मी दर तीन महिन्यांनी त्यांच्या नावाची चिठ्ठी लिहायचो आणि टेबलाच्या खणात ठेवायचो, आल्या की द्यायची म्हणून. ते करताना मला आपण फार निष्ठावंत आहोत असं वाटायचं.

एका संमेलनाहून परतताना एस. टी.त दाऊदजी माझ्या शेजारी होते. त्या दिवशी मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली होती. बुटीबोरी आल्यावर ते म्हणाले, "साहेब, ते गोष्ट आता काहून सांगता? वर्ध्याले जाऊन या न."

"जाईन. या महिन्यात समितीची सभा आहे."

"वर्धा काही लांब नाही जी," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यानंतर प्रत्येक भोजनाच्या वेळी ते येत, तीन प्रश्न विचारत आणि तिसऱ्या प्रश्नानंतर जरा थांबत. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात. त्यांनी चिठ्ठी परत अडवली नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, इतका मोठा झालेला माणूस स्वतःच समजेल. एका उन्हाळ्यात दाऊदजी गेले. त्यांच्या मयतीला माझ्याइतकं चांगलं कोणी बोललं नाही.

माझी बदली ठरली तेव्हा टेबल रिकामं करताना खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठाच निघाला. सात वर्षांच्या चिठ्ठ्या. सगळ्यांवर एकच नाव, माझ्याच अक्षरात. मी सगळ्यांत नवी चिठ्ठी घेतली आणि सकाळच्या गाडीनं वर्ध्याला गेलो. दोन तास लागले. एवढंच अंतर होतं.

सुनंदानं दार उघडलं. मला ओळखलं, आत बोलावलं, पाणी दिलं. भिंतीवर मार्थाबाईंचा फोटो होता. मागच्या हिवाळ्यात गेल्या होत्या. जावई शेजारच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घेत होते. सासूबाईंना त्यांनी शेवटची दोन वर्षं उचलून न्हाणीघरात नेलं होतं, हे सुनंदानं सहज सांगितलं.

मी विचारलं, "मंडळीत परत यावंसं त्यांना वाटलं नाही का?"

"वाटे न. पण म्हणे, आपण मागायले नाही जावं, ते घेऊन येतेत. दर तीन महिन्यायनं मले पुसे, भोजनाचा आठवडा लागला का वं. मंग आंगणात खुर्ची टाकून बसे. मी म्हणो, आई, कोण येते आता? तं म्हणे, सर्वायपुढं कबूल केलं त्यायनं. असा माणूस येतेच."

मी हात जोडले. म्हटलं, "सुनंदा, मला क्षमा कर."

"मले नका मागू, पाळकसाहेब," ती शांतपणे म्हणाली. "मी तिची पोरगी हावो. ते नाही."

त्या महिन्याचं प्रभुभोजन हे माझं नागपूरच्या मंडळीतलं शेवटचं. दाऊदजींच्या जागी आलेले वडील तरुण होते, बँकेत अधिकारी, स्कूटरवरून आले. प्रश्न वगैरे त्यांनी काही विचारले नाहीत. मी म्हटलं, "थांबा. मला चिठ्ठी देऊ नका," आणि वर्ध्याचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "साहेब, तुमच्यासारखा नम्र माणूस मी पाहिला नाही." आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून, माझ्या पाया पडून ते गेले.

ती मी घेतली नाही. रविवारी भोजन द्यायला रामदासपेठेतल्या एका वृद्ध निवृत्त पाळकांना बोलावलं आणि मी शेवटच्या बाकावर बसलो. लोकांना वाटलं, निरोपाचं दुःख आहे. निवृत्त होऊन परत नागपुरात आलो, तरी मला हार घालतात, पुढची खुर्ची देतात, प्रार्थना करायला सांगतात. सगळे माझ्याशी फार चांगले वागतात. पण अजूनही भोजनाचा आठवडा आला की सकाळी मी व्हरांड्यात जाऊन बसतो आणि वाटतं, दाऊदजींनी यावं, चपला काढून उभं राहावं आणि मला नाही म्हणावं.